कोरड्या नळ्या

माझ्या थोरल्या बहिणीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सातला ती विद्यापीठातली रसायनाची प्रयोगशाळा उघडायची. तीस वर्षं ती तिथे परिचर होती. द्रावणं बनवायची, काचसामान धुवायचं, टेबलं पुसायची. मी पाइप जोडण्यात हयात घालवली. काम झालंय की नुसतं दाखवलंय, हे आमच्या घरात लगेच कळतं.

तिला ते ब्युरेटवरून कळलं. थेंब थेंब आम्ल सोडायची ती लांब काचेची नळी. प्रॅक्टिकल संपल्यावर अर्ध्याहून जास्त नळ्या कोरड्या परत यायच्या. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांचं उत्तर अचूक. गेल्या वर्षीची जर्नलं यंदाच्या मुलांकडे फिरत होती.

नऊ नंबरच्या टेबलावरची नळीही कोरडीच यायची. तिथे ताईची मुलगी उभी राहायची. शेवटचं वर्ष.

नव्या प्राध्यापिका एकदा वैतागून म्हणाल्या, "मावशी, प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी, आणि वर्गात साधा प्रश्न विचारला की दातखीळ. माझं शिकवणं कुठे चुकतंय?"

"ते मला काय कळणार, बाई. नळ्या बघा."

बाईंनी बघितल्या. बराच वेळ बघितल्या. "उपाय?"

"प्रत्येक टेबलाला वेगळं द्रावण देऊ. कमी-जास्त तीव्रतेचं. खरे आकडे माझ्या वहीत."

"तुमची मुलगीही आहे ना या वर्गात?"

"आहे. नऊ नंबर."

परीक्षेच्या दिवशी ताई साडेतीनला उठली. वीस टेबलं, वीस द्रावणं. घरी चकार शब्द नाही. तेरा टेबलांवर गेल्या वर्षीचं उत्तर आलं. नऊ नंबर त्यातच.

संध्याकाळी भाचीनं भांडी आपटली. "सख्खी आई ना तू? एक आकडा सांगितला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तोही उतरवून काढला असतास."

"मामा, तू तरी बोल!"

मी जेवत होतो. जेवत राहिलो.

नापास झालेल्यांना विषय पुन्हा घ्यावा लागला. पुढच्या सत्रात नऊ नंबरची नळी ओली आली, तोटीपाशी डाग पडलेला. "दोनदा घासावी लागली," ताई म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

धुलाईयंत्रासाठी पगारातून तिनं चार वर्षं पैसे बाजूला टाकले होते. त्यातून लेकीची फी भरली. एकच विषय, दुसऱ्यांदा.