नत्थुजींची खाटेपाशी भरणारी शाळा

सहदेवानं जितीजागती गोदाबाई मेली म्हणून सांगून टाकलं. मुद्दाम नव्हे. मनगटावर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले, वैद्यासारखं तोंड केलं (दोन वर्षांच्या शिक्षणात तेवढं मात्र त्याला झकास साधलं होतं), नाडी काही लागेना, आणि तोंडातून निघून गेलं, "गेली जी बाई."

मग घर कशाला थांबतंय? गोदाबाईला खाटेवरून उचलून सारवल्या भुईवर ठेवलं, तोंडात तुळशीपान घातलं, तिच्यासाठी शिजवलेली पेज गाईपुढं ओतली, चूल विझवली आणि सगळी रडायला बसली.

सहदेवाचे गुरू नत्थुजी तेव्हा पलीकडच्या आळीत दुसऱ्या आजाऱ्यापाशी होते. अकोल्याच्या बाजारातून परतणाऱ्या गाड्यांबरोबर पातुरात पटकीची, जुलाब-उलट्यांची साथ आली होती. नत्थुजी जातीचे माळी. वांगी-मिरच्यांचा मळा होता, पण मळ्यापेक्षा त्यांचा मुक्काम लोकांच्या उशाशी जास्त. पोथी कधी वाचली नाही. शिकवायचे ते खाटेपाशी बसून.

"आधी पाह्य. मंग इचार. हात शेवटी लाव, अन् लावायच्या आधी काखेत धरून ऊन कर. लोकाइचं पोट म्हंजे तुह्या घरचा रांजण नोहे!"

मनगटात नाडी नाही तर कोपरात बघायची, कोपरात नाही तर काखेत. आणि कुणाला 'गेला' म्हणण्याआधी नाकाशी कापसाचा पुंजका धरायचा, हा तर कायदाच. पण त्या साली समुद्रापार कुठंशी लढाई जुंपलेली, आणि कापसाला असा भाव, की गोदाबाईच्या नवऱ्यानं, किसनरावांनी, गादी उसवून आतला कापूससुद्धा अकोल्याच्या गाडीत भरला होता. अख्ख्या वऱ्हाडाचा कापूस विलायतेला निघालेला, आणि घरात नाकाशी धरायला पुंजका नाही. सहदेवानं मागितला, मिळाला नाही, त्यानं ती पायरीच गाळली. कोपर आणि काख तर त्याला आठवलीच नाहीत.

नत्थुजी आले तोवर घटका-दोन घटका गेल्या होत्या. त्यांनी आपल्या पागोट्याची दशी तोडली, तंतू मोकळे केले, गोदाबाईच्या नाकाशी धरले. तंतू हलले.

"जित्ती हाये. पेटवा चूल!"

किसनराव धावले. गोदाबाईची सासू माणिकबाई मात्र खाट अडवून उभी राहिली. "भुईवर उतरवलेलं मानूस परत खाटेवर नेलं तं मागून घरातलं दुसरं जाते जी!"

"मंग भुईवरच राहू द्या. पेज आना, मीठ घालून. विटा तापवा."

सहदेव कोपऱ्यात भिंतीला चिकटला होता. नत्थुजींनी त्याला दंडाला धरून आणलं आणि त्याची बोटं गोदाबाईच्या काखेत खुपसली.

"काय लागते?"

"काई नाई जी..."

"तोंड वैद्याचं करू नको, बोटं वैद्याची कर. काय लागते?"

बोटं जराशी सरकवून सहदेव म्हणाला, "मुंगी चालल्यावानी."

"तेच. आता सोडू नको."

विटा आल्या, फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवल्या. थेंब-थेंब पेज जात होती, अर्धी ओठांवरून परत येत होती. एकदा मुंगी कोपरापर्यंत चालत आली, सहदेव ओरडलाच. गोदाबाईनं डोळे उघडून किसनरावांकडे पाहिलं. किसनराव म्हणाले, "थांब वं, थांब." मग मुंगी परत काखेत गेली. दुपार कलली तशी तिथूनही गेली.

सहदेवानं कोपर पाहिलं, काख पाहिली, मान पाहिली, पुन्हा कोपर पाहिलं. तोंड उघडलं नाही. शेवटी नत्थुजींनीच तंतू धरले. बराच वेळ धरले.

या वेळी घर रडलं नाही. त्याचं रडून झालं होतं.

ओसरीबाहेर सहदेवानं गुरूंची वाट अडवली. "बुवा, खरं सांगा. मी सकाळी तसं बोललो नसतो, पेज चालू राहिली असती, तं वाचली असती काय?"

"वाचली असती, चाल, पलीकडच्या आळीत अजून दोघं पडले हायेत."