बंद दारामागची मुलाखत

मुलीच्या कॉलेजात या वर्षी एआयचा नवा विषय आला. तिचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. मला वाटलं, पुस्तक असेल, पाठ करील, पेपर देईल. तसं नव्हतं. कामाची पत्रं एआयकडून लिहून घ्यायची, त्यातल्या चुका आपण पकडायच्या, तक्ते करवून घ्यायचे, असं सगळं करून दाखवायचं होतं. आणि शेवटी नोकरीची मुलाखत. तीही माणूस घेणार नाही, मशीन घेणार. त्यात निवड झाली तरच कंपनीतली माणसं पुढे बोलावणार.

ह्यांच्या ऑफिसात पूर्वी बिलांच्या कामाला टेबलभर माणसं होती. आता एकटे हेच उरलेत. त्यामुळे घरात कोणी 'हे कशाला' म्हटलं नाही. माझा जीव मात्र तेव्हापासून था‍ऱ्यावर नाही.

ती साखरेच्या डब्याला फोन टेकवून सराव करायची. फोन इंग्रजीत प्रश्न विचारायचा, ती उत्तर द्यायची, मग तो तिच्या चुका सांगायचा. एक चूक रोजची होती. बोलताना तिची नजर खाली जायची. मी स्वतः कोणाशी मान वर करून बोलत नाही. ते तिने माझ्याकडूनच उचललं असणार.

मुलाखत घरूनच द्यायची होती. खोलीत दुसरं कोणी नको, दुसऱ्याचा आवाज नको. आला तर कोणी उत्तरं सांगतंय असं मशीन धरणार. हे कामावर गेले. सासूबाईंना मी शेजारच्या खोलीत बसवून आले, कारण त्या एकट्याही बोलत असतात. मग दार ओढून घेतलं आणि गॅलरीत दाराला पाठ लावून, पदर तोंडाशी धरून उभी राहिले.

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा दार बंद नसतं. असलं तर घरात कोणी नाही, नाहीतर काहीतरी झालंय.

समोरच्या काकी भाजी घेऊन आल्या. "काय गं, काय झालं?" मी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. काकींनी पिशवी हळूच खाली ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणीच खालच्यांना सांगायला गेल्या. थोड्या वेळाने माणसं येऊ लागली. चपला जिन्यापाशी काढून कठड्याला ओळीने उभी राहिली. वरच्या मजल्यावरचे भावजी कुजबुजले, "डॉक्टर येऊन गेले का? गावाला कळवलंत?"

"नाही, तसं नाही, ती आत..." मी म्हणत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आत तिचं इंग्रजी चाललं होतं, त्यावर कान ठेवू की या जमलेल्यांना सांगू?

काकींनी खांद्यावर हात ठेवला. "रडून घे गं. चांगलं पिकलं पान होतं."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेला गो?"

मग भावजी म्हणाले, "आजी, तुम्हीच."

"माका इचारल्याशिवाय?"

पहिल्या हसल्या काकी. मग कोणालाच हसू आवरेना. मी दोन्ही हात हलवून गप्प करत होते, पण आतलं बोलणं थांबलं होतं.

मुलगी बाहेर आली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "स्क्रीनवर लाल पट्टी आली," ती म्हणाली. "दुसरे आवाज आले म्हणून बंद केलं त्याने."

काकींचा चेहरा उतरला. "लाव फोन, मी माफी मागते त्याची."

"कोणाची मागणार, काकी? तिकडे कोणी नाहीये."

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. मी नुसती सोबत म्हणून. मुलाखत पुन्हा घ्यावी असा अर्ज तिने एआयकडून लिहून घेतला होता. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, "लिहून घेतलंस त्याला हरकत नाही, तेच तर शिकवतो. पण यात नुसतं 'अनपेक्षित अडथळा' म्हटलंय. हे वाचून कोण काय समजणार? नक्की झालं काय?"

मुलीची नजर खाली गेली. मॅडम वाट बघत होत्या. मग मीच बोलले. दार, चपला, काकी, सासूबाई, सगळं सांगितलं. त्यांच्या टेबलाकडे बघतच सांगितलं, पण सांगितलं. "कोणी उत्तरं सांगायला आलं नव्हतं. समाचाराला आले होते," म्हटलं.

मॅडम हसू दाबत मुलीला म्हणाल्या, "हे लिही. आई बोलल्या तसंच. मी कंपनीला पाठवते. पुन्हा घेतील की नाही, सांगता येत नाही."

ते तिने स्वतः लिहिलं. एआयकडून फक्त इंग्रजी तपासून घेतलं आणि त्याने काकींना काढून टाकलं होतं, त्यांना परत घातलं. कंपनीने एक संधी दिली.

आज ती मुलाखत आहे, कॉलेजच्याच खोलीत. प्रश्न तेच येतील की वेगळे, मॅडमनाही माहीत नव्हतं. वेगळे आले आणि ती अडली तर? मीच तोंड उघडून मिळवलेली संधी, ती फुकट गेली तर तिला काय सांगू? लिहायला बसले ते हात कशात तरी राहावेत म्हणून.

मध्येच फोन वाजला. काकींचा. समोर राहतात, तरी फोन.

"निघाली का गं?"

"अजून नाही," म्हटलं. "तयार होतेय." दोघी तशाच फोन कानाला धरून राहिलो.