वीस वर्षांचं जेवण

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात ॲडव्होकेट बापूसाहेब पांढरीपांडे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक म्हणजे, कुठल्याही कागदाला ते आपलं एक जास्तीचं प्रतिज्ञापत्र जोडत. दुसरी म्हणजे, लेकीच्या घरचं ते पाणीही पीत नसत. पहिली सवय धंद्याची होती आणि दुसरी घराण्याची. या दोन्ही सवयींची आपसात गाठ पडली नव्हती, तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

प्रतिज्ञापत्राचं तर त्यांना व्यसनच होतं. एकुलत्या एक मुलीच्या, अदितीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं होतं की बुंदी साजूक तुपातच तळली जाईल. आचाऱ्याने ती खुशाल वनस्पती तुपात तळली. पण बापूसाहेबांची फाइल पक्की होती, त्यामुळे त्यांना ती गोडच लागली. वरचा मजला भाड्याने द्यायचा तर भाडेकरू रात्री पाटा-वरवंटा वापरणार नाही, याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. भाडेकरूकडे मिक्सर होता, ही गोष्ट वेगळी. जास्तीचा कागद कुणाला नडल्याचं आपण चाळीस वर्षांच्या वकिलीत पाहिलं नाही, असं ते छातीठोकपणे सांगत.

लेकीच्या घरी न जेवण्याच्या बाबतीतही त्यांनी कायदा सोडला नव्हता. अदिती आणि जावई अद्वैत पुण्यात राहत होते, तेव्हा बापूसाहेब जाताना गहू, तूरडाळ, तेल, मीठ असा सगळा शिधा बांधून नेत. तो अदितीच्या स्वयंपाकघरात उतरवला, की मग तिने रांधलेलं अन्न ते निर्धास्त खात, कारण ते त्यांच्याच मालकीचं असे. राहिला प्रश्न पाण्याचा. तर पुण्यातलं पाणी महापालिकेचं, जावयाचं नव्हे, असा निवाडा त्यांनी स्वतःच स्वतःच्या बाजूने देऊन टाकला होता. अदिती सुरुवातीला हसायची. मग हसेनाशी झाली.

पुढे अदिती आणि अद्वैत कॅनडात कॅलगरीला गेले, तिकडचे नागरिक झाले, तिथेच त्यांच्या मुलीचा, निधीचा जन्म झाला. शिध्याची पोती विमानातून नेण्याची सोय नसल्यामुळे बापूसाहेब एकदाही तिकडे गेले नाहीत. ते गेले नाहीत म्हणून त्यांच्या पत्नी अनुपमाबाईही गेल्या नाहीत. लेकीचं बाळंतपण त्यांनी फोनवर केलं. डिंकाचे लाडू कुरिअरने पाठवले आणि ते पोचेपर्यंत बाळ बसायला लागलं होतं.

आईवडिलांना कायमचं बोलावून घ्यायचं, तर तिकडे आधी सोडत निघते. तिच्यात नाव यावं म्हणून अदिती कितीतरी वर्षं थांबली. तीन वर्षांची मिळकत ठरावीक रकमेच्या वर दाखवावी लागते, म्हणून बँकेतली नोकरी सांभाळून शनिवारी एका दुकानात उभी राहिली. अखेर नाव निघालं, त्या दिवशी अनुपमाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. पेढे कशाचे, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं हे बापूसाहेबांनी त्यांना बजावून ठेवलं होतं. सांगायचं, गुडघ्याचं दुखणं थांबलं. पांढरीपांडे वकील लेकीकडे राहायला चालले, ही बातमी बाररूममध्ये पोचणं त्यांना परवडणारं नव्हतं. याच कारणासाठी कागदपत्रांचं काम त्यांनी अमरावतीत न देता अकोल्याच्या श्रावणकडे दिलं.

श्रावण मूळचा तेल्हाऱ्याचा. कपाशीत मन रमलं नाही म्हणून त्याने अकोल्यात लोकांना परदेशी पाठवण्याचं ऑफिस टाकलं होतं. स्वतः तो नागपूरच्या पुढे गेलेला नव्हता, पण कॅनडातल्या थंडीबद्दल असा बोले की समोरच्याने शाल ओढून घ्यावी. त्याने अदितीकडून आलेला करार टेबलावर पसरला आणि समजावून सांगितलं. वीस वर्षं बापूसाहेब आणि अनुपमाबाई यांचं खाणंपिणं, कपडालत्ता, राहणं, दात, चष्मा, सगळं अदितीच्या माथी. तिकडच्या सरकारकडे एक पैसा मागायचा नाही. जावईही जोडीला सही करणार. आणि हे आपल्याला समजलं आहे, कबूल आहे, म्हणून इकडून या दोघांनी सही करायची.

बापूसाहेबांनी करार तीनदा वाचला. आयुष्यभर त्यांनी लोकांना पोटगी मिळवून दिली होती. वलगावच्या एका म्हाताऱ्याला तर त्यांनी त्याच्या लग्न झालेल्या, मास्तरीण असलेल्या मुलीकडूनही मिळवून दिली होती. बापाच्या पोटाला मुलगा आणि मुलगी यांतला फरक कळत नाही, हे त्या खटल्यातलं त्यांचं वाक्य ते दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी ऐकवत. पण तो वलगावचा म्हातारा होता. इथे दस्तुरखुद्द पांढरीपांडे वकील लेकीच्या पोटगीवर, तेही वीस वर्षं, तेही जावयाच्या सहीने. अनुपमाबाई शेजारी बसून एकटक पाहत होत्या म्हणून त्यांनी सही केली. घरी येईपर्यंत त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मग त्यांनी तेच केलं, जे ते नेहमी करत. टाइपरायटरवर, उत्तम इंग्रजीत, एक जास्तीचं प्रतिज्ञापत्र तयार केलं. मी व माझी पत्नी शपथेवर सांगतो की, आम्ही आमच्या मुलीकडून अन्न, वस्त्र वा निवारा यांपैकी काहीही विनामोबदला स्वीकारणार नाही, आमचा खर्च आम्ही पेन्शन, ठेवी आणि घरभाड्यातून भागवू, सबब तिच्यावर आमचा कसलाही भार पडणार नाही. वकिलीला पेन्शन नसते हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी तो शब्द खोडून शेजारी छोटी सही केली. त्यांनी जिथे बोट ठेवलं तिथे अनुपमाबाईंनी सही केली. संसारात त्या हेच करत आल्या होत्या. कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली बसणारे खुशालराव, बापूसाहेबांचे जुने ज्युनिअर आणि आता नोटरी, त्यांनी शिक्का मारला. श्रावणने बाकीच्या गठ्ठ्याबरोबर तोही कागद पाठवून दिला. एवढ्या मोठ्या वकिलाचा कागद आपण कशाला वाचायचा, असं त्याला वाटलं. आदर कधी कधी असाही महागात पडतो.

काही महिन्यांनी तिकडच्या सरकारचं पत्र आलं. अत्यंत सभ्य भाषेत त्यांनी विचारलं होतं की, मुलगी आईवडिलांना सांभाळायचं वचन देते आणि आईवडील शपथेवर सांगतात की आम्ही ते घेणार नाही; तेव्हा या दोघांना करार समजला आहे का, आणि मान्य आहे का? महिन्याभरात खुलासा करावा, अन्यथा अर्ज नामंजूर होऊ शकेल. नामंजूर झाला म्हणजे सोडतीतला नंबर गेला. पुन्हा कधी लागेल, लागेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

अदितीचा फोन आला तेव्हा बापूसाहेबांनी खुलाशाचे सहा मुद्दे काढून ठेवले होते. तिला त्यांतला एकही नको होता. तिने आईला फोन द्यायला सांगितला आणि एकच विचारलं.

"आई, तूही सही केलीस?"

अनुपमाबाईंना कोणत्या कागदाबद्दल बोलणं चाललंय हेच कळेना. मग अदितीने त्यांना तो वाचून दाखवला, मराठी करून, हळूहळू. फोन ठेवून त्या आत गेल्या. दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कोणी बोललं नाही. बापूसाहेबांनी हा वेळ सत्कारणी लावून खुलाशाचा मसुदा चार पानांवर नेला. त्यात हिंदू धर्मशास्त्र होतं, रोमन कायदा होता, आणि अन्न स्वीकारणे व अन्न ग्रहण करणे यांतला सूक्ष्म भेद होता. लेकीने सांभाळावं की नाही, एवढंच त्यात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो मसुदा त्यांनी मोठ्या आवाजात वाचायला घेतला. अनुपमाबाईंनी हात वर करून थांबवलं.

"माझे बाबा परतवाड्याहून जीपने यायचे. आठवतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "बैठकीत बसायचे, माझ्याकडे बघायचे, आणि तहान लागली की समोरच्या हॉटेलात जाऊन पाणी प्यायचे. शेवटचे आले ते मे महिन्यात. चक्कर येत होती त्यांना. मी सरबताचा पेला पुढे केला, तर पेल्यावर हात ठेवला. तसेच उन्हात परत गेले, आणि मृगाच्या आधी वारले. मी माझ्या बापाला एक घास भरवला नाही. पण त्यांनी निदान हे कोर्टात जाऊन लिहून तरी दिलं नव्हतं. आणि माझी सही तरी घेतली नव्हती."

बापूसाहेबांना तो मे महिना आठवत होता. त्या दिवशी ते जवळच बसून कसलासा दावा वाचत होते. सासरे रीत पाळतात याचं त्यांना कौतुकही वाटलं होतं, आणि ते त्यांनी त्या वेळी बोलूनही दाखवलं होतं. आता पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली. ती त्यांनी कबूल केली नाही, फक्त चार पानांची दोन पानं केली. वकिलाच्या पश्चात्तापाचा वेग साधारण एवढाच असतो.

दोन पानं घेऊन ते दोघं अकोल्याला गेले. श्रावणने पहिला परिच्छेद वाचला आणि कागद उलटा ठेवला.

"वकीलसाहेब, तिकडचा साहेब एवढंच इचारून राहिला, का पोरीच्या घरी खासान का नाही. तुमी दोन पानं कावून लिहून राहिले? हो म्हना, नाहीतर नाही म्हना. मले बी सुटका भेटन."

बापूसाहेबांशी कोर्टातही कोणी असं बोललं नव्हतं. त्यांनी पेन काढलं आणि पाकिटाच्या मागे एकच वाक्य लिहिलं. मुलगी आमचा सांभाळ करणार असून त्यास आमची हरकत नाही. आपल्या मते त्यांनी हा महाप्रचंड त्याग केला होता. पाकीट त्यांनी अनुपमाबाईंपुढे सरकवलं, कारण आता त्या वाचल्याशिवाय सही करणार नव्हत्या.

"हरकत नाही हे शेजाऱ्याला लिहून देतात, भिंत बांधायला," त्या म्हणाल्या.

श्रावण उगाचच कॉम्प्युटरकडे पाहू लागला. बापूसाहेबांनी 'असून'च्या पुढचे सगळे शब्द खोडले. मंजूर आहे, कबूल आहे, आक्षेप नाही, असे कितीतरी शब्द त्यांना येत होते, आणि त्या सगळ्यांच्या आड लपता येत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं की आम्हाला ते हवं आहे. चाळीस वर्षांत शेकडो अर्ज लिहिले, पण आपल्याला काही हवं आहे असं स्वतःसाठी त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत खुशालरावांनी सवयीप्रमाणे न वाचताच शिक्का उचलला. अनुपमाबाईंनी त्यांना थांबवलं आणि साहेबांकडून आधी वाचून घ्या म्हणाल्या. मग शेडखाली, दोन अशील आणि एक चहावाला ऐकत असताना, पांढरीपांडे वकिलांनी ते वाक्य वाचलं. बातमी बाररूमपर्यंत पोचायला चहाची एक फेरी लागली. थट्टा कोणी केली नाही. फक्त दोघा-तिघांनी हळूच विचारलं, की त्या श्रावणचा नंबर मिळेल का.

दिवाळीच्या तोंडावर मंजुरी आली. गल्लीत या वेळी गुडघ्याचं कारण सांगितलं गेलं नाही. त्या दिवशी अनुपमाबाई ओट्याशी पोळ्या करत होत्या आणि बापूसाहेबांनी स्वतः होऊन कॅलगरीला फोन लावला. एरवी ते फोनवर हवामान विचारत आणि अनुपमाबाईंकडे देत.

"अदिती, आम्ही आलो की पहिल्या दिवशी जेवायला काय करशील?"

तिला वाटलं असेल, आता कुठला तरी नवा मुद्दा निघणार. मग ती सावधपणे म्हणाली, तुम्ही सांगाल ते.

"पातोडीचा रस्सा कर. तिखट कर," बापूसाहेब म्हणाले. "मला भूक लागलेली असेल."

अदिती फोनवरच रडायला लागली. बापूसाहेब घाईघाईने कॅलगरीचं हवामान विचारू लागले. आत अनुपमाबाईंनी गॅस बंद केला आणि पोळपाटावर दोन्ही हात टेकून, परतवाड्याहून येऊन तहानलेलेच परत गेलेल्या आपल्या बाबांसाठी, त्या इतक्या वर्षांनी पोटभर रडल्या.