शेवटचं वजन

साठ सालाच्या आसपास फुलसावंगीच्या शंकरपटात तो दरवर्षी दिसे. सरळ पट्टीवर दोन बैलजोड्या शेजारीशेजारी सुटत आणि त्याची जोडी दरवेळी हातभर मागे राही. त्याच्या मते कारण एकच होते, वजन. शर्यतीची छकडी त्याने रंध्याने तासून इतकी हलकी केली होती की तो ती एकटाच उचलून ठेवी. पटाच्या दिवशी तो जेवत नसे, करदोटा काढून ठेवी आणि डोक्याचा तुळतुळीत गोटा करून येई.

"मंग मिशा कायले ठेवल्या, भाऊ?" लोक विचारीत.

"बैलाइले इचारलं. ते म्हनले, राहू दे."

एका वर्षी त्याच्या थोरल्या भावाने बजावले होते, "यंदा हारला तं जोडी वखराले जुंपीन."

जोड्या सुटल्या. निशाणाजवळ दोन्ही बरोबरीत आल्या, तेवढ्यात त्याने छकडीवरून खाली उडी टाकली. त्याची जोडी सरळ पुढे निघून गेली आणि पंचांनी ती बाद केली. नियमाप्रमाणे हाकणारा छकडीवरच हवा होता.

"उडी काहून मारली?" मी विचारले.

गुडघ्यावरची माती झटकत तो म्हणाला, "तेवढंच वजन उरलं होतं ना. पन मी नसलो तं कशी पयते, पाह्यलं ना तुमी?"

पुढच्या आठवड्यात त्याच्या शेतावरून गेलो. भाऊ बैल धरून ताटकळत, शिव्या देत उभा होता. तो बांधावर बसून वखर रंध्याने तासत होता.