पोळ्याची शपथ आणि मिस्तरीणकाकू

आमच्या गावच्या मिस्तरीणकाकूवर अन्याय झाला तो पोळ्यापासून तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मारुतीच्या पारासमोर. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. अन्याय करणाऱ्यांत मी होतो, आणि पुढच्या रांगेत होतो.

तिचा नवरा गावचा सुतार. सगळे त्याला मिस्तरी म्हणायचे. दारूबंदीचा कायदा होता आणि नाल्याकाठी भट्टीही होती. सकाळी मिस्तरीचे हात इतके थरथरायचे की बशीतला चहा धोतरावर सांडायचा. मग तो भिंतीकडे तोंड करून अर्धा गिलास घ्यायचा, आणि तेच हात वासल्यानं लाकूड असं तासायचे की रेघ हलायची नाही. लोक बघायला उभे राहायचे.

"मिस्तरीले चढतच नाही बे! बाटली पोटात, अन् हात पाहा कसा चालते!"

माणूस आतून सडतोय आणि हे वाहवा करतायत. मला किळस यायची. मी दारूबंदीची पत्रकं वाटत होतो, काही लिहीतही होतो. माणसानं ठरवलं की दारू सुटते, हे माझंच वाक्य.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे, सगळं गाव जमलेलं. तिथं मी मिस्तरीच्या हातात बेलभंडारा दिला. देवापुढं बेल आणि हळद उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे मोडता येत नाही. मोडली तर माणूस गावातून उठतो. "आजपासून थेंब नाही," तो म्हणाला. हलगी वाजली. मग पोळा फुटला, बैल घरोघर गेले, आणि टाळ्या पिटणाऱ्यांतले निम्मे नाल्याकडे गेले. मी ते पाहिलं. मला माझा एक माणूस सुधारल्याचाच आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्तरीला घाम फुटला, उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या वेचू लागला. भिंतीवर मुंगी नव्हती. मग फेफरं आलं. कोणी म्हणालं, अंगात आलं. त्याला बैलाच्या कासऱ्यानं खाटेला बांधलं आणि नाकापुढं मिरच्यांची धुरी धरली. दारात गर्दी. पोळ्याच्या उरलेल्या करंज्या खात खात लोक बघत होते.

काकू माझ्याकडे आली. "भाऊ, दोन घोट पाजू द्या त्याले. सकाळची घेतली नाही की असंच होते, म्या रोज पाह्यलं नं. नाहीतर गाडी जुंपा, देऊळगावले नेऊ दवाखान्यात."

"काकू, शपथ हाय."

"शपथ त्यानं घेतली की तुमी?"

मी म्हणालो, "आज वाकलात तर जन्मभर वाकाल." हेही पत्रकातलंच.

ती एकटी उन्हात नाल्यावर गेली, पदराखाली बाटली घेऊन आली. दोन घोट पोटात गेल्यावर मिस्तरी हळूहळू शांत झाला. त्यानं तिला ओळखलं. "वासला कुठी ठेवला वं?" एवढंच विचारलं.

तेवढ्यात बोंब झाली. काकूला ओढत पारापुढं आणलं. "नवऱ्याले दारू पाजते, बेशरम!" असं ओरडणाऱ्याच्या तोंडाला भट्टीचा वास होता. एक जण तिच्या पायापाशी थुंकला. मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि पाराच्या दगडावर फोडली. लोकांनी माझा जयजयकार केला.

दिवस कलताना मिस्तरीला पुन्हा फेफरं आलं, मग पुन्हा. तेव्हा कुठं गाडी जुंपली. देऊळगाव राजाची वेस दिसत होती तेव्हा काकूच्या मांडीवर तो गेला.

तशीच गाडी दवाखान्यात नेली. सगळं ऐकून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "दाराला बाहेरून कोणी रोज रेटत असलं तर आतला माणूसही तेवढंच रेटतो. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून मेंदू स्वतःला जोरानं जागं ठेवत राहतो. वर्षानुवर्षं. त्याला चढत नव्हती ती म्हणूनच. तुम्ही दारू एका दिवसात काढली. आतलं रेटणं कोण थांबवणार होतं? त्यानंच फेफरं आलं. औषध देऊन हळूहळू उतरवायला हवं होतं. घरी दारू पाजणं हा इलाज नव्हे, पण धोका तिला कळला. तुम्हाला नाही."

गावाचा निकाल मात्र आधीच लागला होता. शपथ मोडली, देव कोपला, बाईनं नवरा खाल्ला. मी पारावर उभा राहून डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, बाटली मी फोडली हेही सांगितलं. लोक हसले. "भाऊ, तुमाले बी चढली काय?" काकूच्या हातचं पाणी आज गावात मी सोडून कोणी पीत नाही. एकट्याच्या पिण्यानं तिचा डाग पुसला जात नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. सकाळी दारूवाचून ज्याचे हात थरथरतात, त्याच्या हातात बेलभंडारा देऊ नका. आधी त्याला डॉक्टरकडे न्या. आणि आमच्या गावावरून जाल तेव्हा पाराजवळच्या सुताराच्या घरी थांबा. काकूकडे पाणी मागा. आत जाऊन नको, ओसरीवर बसून, सगळ्या गावाला दिसेल असं प्या.