आईसाठी लावलेली अबोली

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गाव खाडीकाठी, वडील मिठागरात कामाला. गावाहून रोज जाणं-येणं जमेना, म्हणून पनवेलमध्ये एसटी स्टँडाजवळ माडीवरची एक खोली भाड्याने घेतली. घर भाऊ-वहिनीवर सोपवून आई माझं जेवणखाण पाहायला आली.

तिचं मन मात्र तिथे रमेना. शेजारच्या बायका चांगल्या होत्या, पण त्यांच्यासमोर आपली गावची बोली कशी बोलायची, या संकोचाने ती गप्पच बसायची. गावी दारातच अबोली होती. ती फुलं माळल्याशिवाय आई कधी घराबाहेर पडली नव्हती आणि इथे फुलं विकत घेणं तिला पटत नव्हतं. दिवाळीनंतर तिने सांगून टाकलं की शिमग्याला गावी गेले की मी काही परत येणार नाही.

ती गेली असती तर एकट्याने माझा निभाव लागला नसता, कॉलेज सुटलंच असतं. हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. मी मनाशी एवढंच ठरवलं की गॅलरीत अबोली फुलवायचीच.

गॅलरीत सकाळपासून ऊन असे. मी कुंड्या आणल्या, गावच्या दारातली रोपं आणली आणि माती आणली ती खाडीलगतच्या आमच्या शेताची. तिथे भात होतो, तर अबोली का होणार नाही, असं मला वाटलं. खालच्या घरमालकीणबाईंनी बजावलं होतं की आमच्या वाळवणावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. म्हणून मी कुंड्यांची भोकं चिखलाने लिंपली आणि तळ ठोकून घट्ट केला. ते काम माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं.

थोड्याच दिवसांत पानं कडेने करपू लागली. मी पाणी वाढवलं, तशी ती जास्तच करपली. एका रविवारी मातीवर पांढरी साय दिसली. मी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली, वडील मिठागरात ठेवतात तशी. मागून येऊन आईनेही ठेवली आणि ती खाली बसून हसायलाच लागली.

“आरं पोरा, कालेजात जाऊन तू मिठागरच मांडलंस की,” ती म्हणाली. “तळ ठोकलास, पानी कोंडलंस, वरनं ऊन. मीठ नाय तर काय पिकंल?”

शेतातल्या मातीचा खारटपणा पावसाने धुऊन जातो, म्हणून तर तिथे भात होतो. मलाही हे माहीत होतं, पण कुंडीपुढे सुचलं नव्हतं.

दोन रोपं अजून जिवंत होती. मी भोकं मोकळी केली, कुंड्या खाली विहिरीवर नेल्या आणि पाणी ओतत राहिलो. तळातून येणारं पाणी आई बोटाने चाखायची आणि अजून ओत म्हणायची. घरमालकीणबाईंनी ओट्यावरून विचारलं, हे काय चाललंय. आई सरळ म्हणाली, “मातीतलं मीठ चाखतोय आमी. तुमी पन बघा.” त्या खरंच उतरून आल्या. वाळवणाची काळजी म्हणून कुंड्यांखाली ठेवायला मातीच्या पसरट ताटल्या त्यांनीच दिल्या.

शिमग्याला भाऊ तिला न्यायला आला, तेव्हा एका रोपाला कळ्यांचा तुरा धरला होता. मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. आईने त्याला गॅलरीत नेलं, कुंड्या दाखवल्या आणि म्हणाली, “सन झाला का मला लगेच आनून सोड. ह्यो कालेजात जातो, यांना पानी कोन घालंल?”