बायकोची झोप आणि तळघरातलं पाणी

नावेत मी आयुष्यात एकदाही बसलेलो नाही. माझं गाव मिरजेकडचं. पोहायला शिकवायचं म्हणून चुलत्यानं मला विहिरीत ढकललं, मग त्यालाच कपड्यांसकट उडी मारावी लागली, आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. असा मी, कुवेतला नोकरीला येऊन वल्हवायला लागलो. पाण्यावर नव्हे, कंपनीच्या क्लबातल्या रोइंग मशीनवर. पहिल्या दिवशी त्यावर उलट्या तोंडानं बसलो. पाय कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून मांडी घातली. शेजारच्या फिलिपिनो सहकाऱ्यानं हळूच विचारलं, "प्रेयर, सर?" मी "येस" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. तो जाईपर्यंत मला तसंच बसावं लागलं, आणि तो काही लवकर गेला नाही.

पण पुढं ते अंगात भिनलं. पायांनी रेटा द्यायचा, पाठ मागं न्यायची, दांडा छातीशी आणायचा, आणि मग काहीच न करता, सरकत्या बैठकीवर अलगद पुढं वाहत जायचं. ते वाहत जाणं मला सगळ्यात आवडे. खोलीबाहेर पाऊल न टाकता फार लांब जाऊन आल्यासारखं वाटे. लांब म्हणजे कुठं, हे मी कधी बघितलं नाही. वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो, ही व्यवस्था माझ्या स्वभावाला मानवणारी होती.

मग राई नावाच्या भागातल्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये माझं हृदय बिनसलं. आम्ही सोफा बघायला गेलो होतो. दुपारी बटाटेवडे झाले होते. छातीत जळजळायला लागल्यावर मी निदान करून टाकलं, पित्त. मागं कलणारी एक मऊ खुर्ची दिसली, तीत जाऊन पडलो. घाम फुटला, डावा हात जड झाला, आणि मी आपला पित्तावर ठाम. सेल्समन वाकून म्हणाला, "बहुत आराम है ना सर? इसमें सब सो जाते हैं." मी मान डोलावली. बायको पडदे बघून आली.

"अहो, उठा की! लोक बघतायत. घोरायला लागायच्या आत उठा."

मी बोललो नाही. बोलता येत नव्हतं. ती वैतागली आणि उरलेले पडदे बघायला निघून गेली. परत आली तेव्हा सेल्समन ॲम्ब्युलन्स बोलावत होता.

दोन स्टेंट पडले आणि मी वाचलो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट मी सेल्समनच्या आवाजासकट सांगे. लोक पोट धरून हसत. ती चहाचे कप उचलून आत जाई.

तिची झोप गेली. मी घरी आलो त्या रात्रीपासूनच गेली. ती माझ्या पाठीवर हात ठेवून पडून राही, श्वास मोजत. दिवसाही तेच. मी पेपर वाचताना जरा गप्प झालो की स्वयंपाकघरातून आवाज येई.

"अहो?"

"काय?"

"काही नाही."

तिच्या डोळ्यांखाली काळं साचत गेलं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणीही विचारू लागल्या. ती त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगे, "नो स्लीप." मला कोणी विचारत नव्हतं. माझा रंग उत्तम होता.

पुन्हा मशीनवर बसायची परवानगी मी फिजिओथेरपिस्टकडे मागितली. ती केरळची, चेहरा शाळेतल्या हेडबाईंसारखा. म्हणाली, "चलेगा. लेकिन धीरे. बात करते करते करना है. बात नहीं निकली, तो बंद." म्हणजे दमानं वल्हवतोय की नाही याची परीक्षा अशी, की तोंडानं सलग वाक्य निघालं पाहिजे. बायकोनं हे कानात प्राण आणून ऐकलं. जन्मभर जी बाई मला "जरा गप्प बसा" म्हणत आली, तिनं आता मला बोलतं ठेवायचं काम अंगावर घेतलं.

मी कामावरून मोकळा झालो होतो, त्यामुळे क्लब सुटला होता. पण हवल्लीतल्या आमच्या इमारतीच्या सिरदाबात, म्हणजे तळघरात, एक व्यायामाची खोली होती. देश सोडून गेलेल्या कुणा भाडेकरूनं तिथं आपलं रोइंग मशीन मागं ठेवलं होतं. लाकडी, आणि पुढं पाण्यानं भरलेलं गोल टाकं. दांडा ओढला की आतली पाती फिरत आणि खरं पाणी खळबळे. दुपार पुरुषांची, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बांगेनंतर बायकांची वेळ. पुरुषांच्या वेळेत बायकोला आत कसं न्यायचं? हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, दारातच बसलेला. मी त्याला म्हणालो, "ही माझी डॉक्टर." त्यानं तिच्या हातातल्या गवारीच्या पिशवीकडे बघितलं आणि बाजूला सरकला. काय समजला असेल ते असो.

तर रोज उतरत्या दुपारी हा कार्यक्रम. मी वल्हवायचं आणि बोलायचं, तिनं बाकावर बसून भाजी निवडायची आणि ऐकायचं. पहिले काही दिवस मी माझे गाजलेले किस्से काढले. तिनं ते सगळे ऐकलेले.

"आणि तेवढ्यात मेहुणा आला," मी पाणी खळबळवत म्हणे.

"मेहुणा नव्हता त्यात."

"होता गं."

"माझा भाऊ आहे तो, मला ठाऊक. तो तेव्हा चिपळूणला होता. पुढं बोला."

मी क्षणभर थांबलो की गवारीची शेंग मोडता मोडता तिचा हात थांबायचा. "बोला. अहो, बोला!" किस्से संपले तेव्हा मी पाढे म्हटले. पाढे एकोणतीसला अडले. मग इमारतीतल्या लोकांची नक्कल केली. खरं सांगायचं तर वल्हवण्यातली सगळी मजा गेली होती. ते पुढं वाहत जाणं गप्प राहिल्याशिवाय येत नाही. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "गप्प राहिलेलं मी एकदा बघितलंय."

एके दिवशी बाहेर धुळीचं वादळ होतं. तळघराच्या वरच्या अंगाला असलेल्या झरोक्यातून पिवळसर उजेड येत होता, उकळून गार केलेल्या चहासारखा. एसीची घरघर, आणि टाक्यातलं पाणी. माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून म्हटलं, "चल, आज आपण समुद्रावरून जाऊ. मी वल्हवतो. किनारा मागं पडला."

"तुमचं तोंड किनाऱ्याकडं आहे," ती म्हणाली. ती गुहागरकडच्या खाडीकाठची. "जायचं तिकडं पाठ करून कोण बसतं? आमचा तरीवाला उभा राहून वल्हं मारायचा. पुढं बघत."

"मला कुठलं दिसतंय पुढचं? तूच सांग, काय दिसतं."

तिनं पिशवीतून नवी शेंग घेतली. मग म्हणाली, "आता भरती आहे."

"बरं."

"तिवरं पाण्यात बुडलीत. शेंडे तेवढे वर."

मी ओढलं. पाणी क्षणभर उशिरा उत्तर देतं, तसं दिलं.

"धक्क्याच्या पायऱ्या... खालच्या दोन बुडाल्यात. त्यांवर शेवाळ असतं, हळू उतरायचं." शेंग मोडल्याचा आवाज. "आईनं हाक मारली की आम्ही मुद्दाम उशीर करायचो. पाणी असं लागायचं धक्क्याला. असंच. लप्प... लप्प..."

"मग?"

"मग भरती..."

मी ओढत राहिलो, पुढं वाहत गेलो, पुन्हा ओढलं. पिवळा उजेड पाण्यात गोल फिरत होता. तिवरं मी कधी नीट बघितलेली नाहीत, पण त्यांचे शेंडे मला दिसायला लागले. हवल्ली वर कुठंतरी होती, गाड्यांसकट, धुळीसकट. आम्ही खाली, भरलेल्या खाडीत. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग एकदम जाणवलं की मी गप्प आहे, आणि कोणी "बोला" म्हणत नाही.

मी मान वळवली. तिचं डोकं भिंतीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, हातात अर्धी मोडलेली शेंग. ती हलत नव्हती. मी ओढायचं विसरलो. पाणी मंद झालं, तशी तिच्या कपाळावर आठी उमटली आणि पापण्या थरथरल्या. मी घाईनं ओढलं. आठी विरली. आणि मग ती बारीक, शिट्टीसारखी घोरली. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता.

झोपली होती! इतक्या दिवसांनी. आणि मला थांबायची सोय राहिली नव्हती.

फिजिओथेरपिस्टबाईंनी ठरवून दिलेली वेळ संपली. मी पाय वापरायचे सोडले, नुसत्या हातांनी ओढू लागलो, पाळण्याची दोरी ओढावी तसं. मध्येमध्ये स्वतःशी पुटपुटत परीक्षाही घेतली, "माझं नाव अमुक, मी ठीक आहे, मी ठीक आहे." वाक्य सलग निघत होतं. वरून मगरिबची बांग ऐकू आली. बायकांची वेळ झाली. मी ओढतोच आहे.

दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावरची इजिप्शियन शिक्षिका, डोक्याला रुमाल, पायात बूट, खांद्यावर टॉवेल. मला बघून तिच्या भुवया वर गेल्या. ती मला "या हाज" म्हणते. मी हजला गेलेलो नाही, जाणारही नाही, पण तिच्याकडे म्हाताऱ्या माणसाला असंच म्हणतात.

"या हाज!" तिनं घड्याळाकडे बोट दाखवलं.

माझे दोन्ही हात अडकलेले. मी हनुवटीनं बाकाकडे खूण केली आणि माझ्याजवळच्या तुटपुंज्या अरबीत कुजबुजलो, "मदाम नाइमा." झोपलीये.

तिनं बघितलं. हात छातीवर गेला. लिफ्टमधलं "नो स्लीप" तिनंही ऐकलेलं होतं. मग तिनं टॉवेल टाकला, बाजूला येऊन उभी राहिली आणि मला बोटानं सांगितलं, ऊठ.

त्या मशीनवरून उठणं हा वेगळाच प्रकार. बैठक जमिनीलगत, पाय पट्ट्यांत. मी शेवटचं एकदा लांब ओढलं, पट्टे सोडले, आणि उठायच्या ऐवजी कासवासारखा कुशीवर जमिनीवर उतरलो. पाणी अजून फिरत होतं. बोटाला बोट न लागता दांडा तिच्या हातात गेला आणि पाणी थांबायच्या आत तिनं ओढलं. माझ्यापेक्षा चांगलं ओढलं. मी रांगत दारापर्यंत गेलो. उभं राहून चाललो असतो तर चपला वाजल्या असत्या.

बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलो. बंद दारातून पाणी ऐकू येत होतं. गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळानं दार धाडकन उघडलं.

"अहो! डोळे उघडले तर मशीनवर बाई! मला वाटलं..." तिच्या गालावर भिंतीच्या गिलाव्याचा वळ उठला होता. "मला वाटलं, तुम्ही गेलात."

"इथंच आहे. झोप झाली?"

"झोप कसली, डोळा लागला होता." ती माझ्या शेजारी बसली. मग हळू म्हणाली, "तुम्ही गप्प झालात आणि मला कळलंच नाही."

"मग? काय झालं?"

ती विचार करत राहिली. खराखुरा विचार. "काही नाही झालं," ती म्हणाली, आणि सगळ्या दाढा दिसतील अशी जांभई दिली.

घरी गेल्यावर तिनं गवारीची पिशवी माझ्या हातात ठेवली. "मी जरा पडते. भाजी तुम्ही टाका. गूळ घाला किंचित." आणि खोलीचं दार लोटून घेतलं. मी आजवर फक्त चहा आणि अंडी केलेली. फोडणी करपली, ती टाकून दुसरी केली. मीठ किती, ते विचारायला दारापर्यंत गेलो, आणि न विचारताच परत आलो.